हात कोनं लावला?

डोमाबुवा जमिनीवरून उठले की आधी मागे वळून पाहत. मागे भिंत असली तरी पाहत. माणूस असला तर त्याच्यावर डोळे रोखून विचारत, "हात कोनं लावला?"

कोणीच लावलेला नसे. पण बुवांना ते पटत नसे. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे वाजत, आणि तरीही आपण कशाला न धरता उठलो यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. मग खात्री करायला ते पुन्हा बसत, पुन्हा उठत. एका लग्नाच्या पंगतीत ते असे चार वेळा उठले-बसले, तेव्हा वाढप्याने त्यांना नवी पंगत समजून चार वेळा भात वाढला.

दवनीवाड्याजवळच्या आमच्या गावात ते पाणकर होते, म्हणजे तलावाचं पाणी शेतांना वाटून देणारे. तलावाच्या पाळीत, मातीच्या बांधात, पाणी सोडायची दगडी मोरी असते, तिला आम्ही तुडूम म्हणतो. पावसाळ्याआधी पाणकर तिच्या तोंडात लाकडी बूच बसवतो आणि भोवती तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, व चिखल ठासतो. आश्विनात धान निसवायला लागलं की कमरेएवढ्या पाण्यात उतरून ते बूच उपटायचं. ज्याने ठासलं त्यानेच काढायचं, सगळ्या गावासमोर. ज्याला काढता आलं नाही, त्याची पाणकरी त्या दिवशी संपली.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. बुवा पाळीवरून घसरले आणि मांडी दुखावली. वैद्याने सांगितलं, चार महिने खाटेवरून उठायचं नाही. बुवांनी पाचव्या दिवशी खाट अंगणात उभी केली.

"वैद्याचा आन् सुताराचा जमला हाय," ते मला म्हणाले. "तो निजाले सांगते, हा खाटा विकते."

तेव्हापासून त्यांचे उद्योग सुरू झाले. सकाळी कडुनिंबाची काडी चावताना एका पायावर उभं राहायचं. कमरेएवढ्या पाण्यात पाळीच्या कडेकडेने उलटं चालायचं. ओलं पोतं पिळायचं. अंगणात खड्डा करून त्यात एक खुंटी ठोकायची आणि दोन्ही पाय रोवून ती उपटायची, मग पुन्हा ठोकायची. पाण्यात उलटा चालणारा म्हातारा पाहून गावाला वेगळाच संशय आला. बायका त्या वाटेने लेकरं नेईनाशा झाल्या. कोणी म्हणालं, बायको गेल्यापासून बुवा मंत्र शिकून राहिला.

बुवांना मात्र गावाचा संशय होता आणि सगळ्यांत जास्त माझा. त्याला कारण होतं, ते मी लपवत नाही.

माझे वडील त्यांचे दोस्त. वडील थकले तेव्हा मी त्यांना उठू दिलं नाही. आधी हात दिला, मग लोटा हातात दिला, मग जेवणही खाटेवर. मी गावच्या शाळेत मास्तर; शाळा सुटली की धावत घरी यायचो. गाव मला श्रावणबाळ म्हणायचं. दोन वर्षांत वडिलांचे पाय वाळलेल्या काड्यांसारखे झाले आणि ते गेले. तेराव्याला बुवा सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, तू त सेवा करून करून मारला गा बापाले."

लोकांना राग आला. मला आला नाही, कारण ते मला आधीच कळलं होतं.

"पयले हात, मंग लोटा, मंग खाट," हे बुवांचं पालुपद. मी त्यांच्या अंगणात शिरलो की ते म्हणत, "तिथंच थांब. हात दाखव." मी हात दाखवायचो. मग ते उठत.

त्या आश्विनात बुवांचा मुलगा नामदेव गोंदियाहून आला. तो गोंदियालगतच्या फुलचूरला राहायचा, बिडीच्या कारखान्यात मुकादम होता, आणि शहरात राहून हिंदीच बोलायचा. "बाबूजी, इस बार बूच नहीं निकला तो सीधे मेरे साथ चलना. वहाँ आराम से बैठना."

"काय म्हन्ते गा हा?" बुवांनी मला विचारलं. त्यांना हिंदी चांगली कळत होती. शेवटी त्यांनी होकारार्थी मान हलवली. बूच निघालं तर इथे, नाही तर फुलचूर.

तेव्हा मी ते केलं. बूच काढायच्या आदल्या दिवशी भर दुपारी, माणसं शेतात असताना, धोतर खोचून पाण्यात उतरलो. बुचाभोवतीचं तणीस आणि चिखल खरवडून काढला, बूच दोन्ही बाजूंना हलवून सैल केलं. मनाला सांगितलं, वडिलांच्या वेळी चुकलो, निदान इथे तरी कामी येऊ. खरं एवढंच होतं, की बुवांना ते जमेल असं मला वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव पाळीवर जमलं. बुवा उतरले, त्यांनी बूच धरलं, ओढलं. मुळा उपटावा तसं ते हातात आलं.

बुवांनी मागे पाहिलं. "हात कोनं लावला?"

लोक हसले. त्यांना वाटलं, नेहमीचंच. बुवांनी बूच वर धरलं. "मी ठासलेला तनीस कुठी हाय?"

मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो.

"छोडो ना बाबूजी, निकल तो गया," नामदेव म्हणाला.

"निंगला. मी नाही काढला." बुवांनी बूच पुन्हा बसवलं, तणीस मागवलं, मोगरीने ठोकून ठोकून ठासलं. "अता पाहा. सारे चार हात मांगं सरा. मास्तर, तू आठ हात."

पहिल्या झटक्याला बूच हललं नाही. दुसऱ्यालाही नाही. नामदेवने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. मग बुवांनी अंगणात खुंटीला रोवायचे तसे दोन्ही पाय दगडाला रोवले आणि सगळं अंग मागे टाकलं. बूच निघालं, बुवा पाण्यात गेले, पागोटं तरंगत राहिलं. कोणी पुढे झालं नाही. ते आपले आपण उभे राहिले, तोंडावरचं पाणी निपटलं आणि मागे वळून पाहिलं.

नामदेव त्याच दुपारी बैलबंडीत बसून एकटा परत गेला.

संध्याकाळी पाळीवर बुवा बसले होते. मी सगळं कबूल केलं.

"मालूम होता," ते म्हणाले. "इतका खराब काम मास्तरच करन."

"मंग नाव काऊन नाही घेतलं, बुवा?"

"गावात मास्तर एकच हाय."

खाली शेतांत पाणी शिरत होतं, त्याचा आवाज येत होता. मी विचारलं, "बुवा, तुमाले कोनी हात लावत नाही. तरी मांगं कायले पाहता?"

त्यांनी पाळीवरचा एक खडा उचलला. मग म्हणाले, "तुयी काकी लावे. मी उठू लागलो का पाठीले हात दे, आन् म्हने, मी कुठं लावला? मी तिच्यावर लय तापत होतो. एक दिवस लय बोललो. तवापासून लपून लावे. समजतच नवता, मी उठलो का तिनं उठवला." त्यांनी तो खडा पाण्यात टाकला. "तिले जाऊन तीन वर्सं झाले. अता मीच उठून राहिलो ना गा?"

"तुमीच, बुवा."

ते उठायला लागले. गुडघे वाजले. मी त्यांच्या समोर, आठ हातांवर, दोन्ही हात त्यांना दिसतील असे धरून उभा होतो. उभे राहून त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं.

मग मागे वळले आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहत राहिले.