दोनशे सतराव्या यंत्रास रजा होती त्याची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न. जी अक्षरे वाचणाऱ्यास मोकळी, त्या सर्वांस नमस्कार करून हकीकत लिहिली ऐसीजे: शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, कार्तिक मासी, एका राज्याचे दप्तरखान्यात चारशे बारा संगणक चाकरीस होते, आणि आबाजीपंत मेणकर त्या सर्वांचा बंदोबस्त एका जागी बसून करीत आले होते. मुख्य यंत्रावर एक हुकूमनामा लिहून ठेवावा, आणि प्रत्येक संगणकाने दर घटकेस येऊन तो वाचावा, आणि आपणांत काही बिघडले असल्यास आपले आपण नीट करून घ्यावे, ऐसी रीत. सॉफ्टवेअरही मुक्त घेतले, म्हणजे त्याचे पोटातील मजकूर कोणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्यास द्यावा. आणि हुकूमनाम्यात ज्या ओळीच्या आरंभी जाळीचे चिन्ह (#) असे ती ओळ यंत्र वाचीत नसे. ती मागाहून येणाऱ्या मनुष्याकरिता. पंतांस जुन्या कागदांचा नाद, सबब अशा ओळी ते त्याच भाषेत लिहीत.

आदल्याच मासी, आश्विनात, पंत वारले आणि कारभार शशांकराव कोष्टी यांजकडे आला. पंतांची कन्या वैजयंती वडिलांचा चष्मा आणि वह्या नेण्यास आली, आणि पडद्यावर त्यांच्या ओळी दिसल्या तेव्हा तिजला कुतूहल वाटले, आणि खुर्ची ओढून वाचीत बसली. शशांकराव म्हणाले, "ताई, पंतांचं मराठी वाचायला डिक्शनरी लागते हो. ही बघा ओळ, '२१७ यास रजा आहे.' यंत्राला कसली रजा! महिनाभर बंदच पडलंय, म्हणून पुसायला लावलंय. आता कोणी बटण दाबलं की जुनं सगळं जाईल, नवं कोरं चढेल."

"रजा म्हणजे सुट्टी नव्हे," ती म्हणाली. "जुन्या कागदांत रजा म्हणजे परवानगी."

"कसली परवानगी?"

"तेच बघायचंय. वरची ओळ वाचा. सर्व यंत्रांनी कळफलक एकसारखा ठेवावा. म्हणजे २१७ ने वेगळा ठेवला तरी चालेल. तिथं बसतं कोण?"

"मोडी कागद उतरवणाऱ्या अनसूयाबाई खरात. गावी गेल्या होत्या, आजच हजर होतायत. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत, लहानपणी उसाच्या चरकात... अरे बाप रे."

कारण पंतांनी आठ बोटांस पुरेल ऐसा कळफलक, म्हणजे कोणत्या कळेस कोणते अक्षर याची मांडणी, बाईंकरिता सिद्ध केला होता, आणि तो त्या एका यंत्रातच होता, नकल दुसरीकडे नव्हती. त्यावाचून मोडीची चाळीस पाने रोज उतरणे नव्हते, आणि ती न उतरल्यास बाईंचे जागी दुसरा बसविण्याचे वरिष्ठांनी पूर्वीच बोलून ठेविले होते. तेव्हा शशांकराव हुकूम मागे घेऊ लागले, इतक्यात बाई डबा घेऊन आत आल्या आणि यंत्रापाशी जाऊन हात पुढे केला.

"बाई, बटण दाबू नका!"

"का? शॉक देतंय का?"

"तुमची चाकरी खाईल. एक मिनिट थांबा."

मग हुकूम मागे घेतला, आणि बटण दाबले, आणि यंत्र पूर्वीसारखे सुरू जाहले. बाईंनी चार ओळी लिहून पाहिल्या आणि म्हणाल्या, "पंतांना सांगा, बाकी झकास. पण ळ अजून लांब पडतोय, करंगळी दुखते."

वैजयंती म्हणाली, "बाबा गेले, बाई. तीन आठवडे झाले."

बाईंनी कळांवरून हात उचलला. मग बाई हळूच म्हणाल्या, "मग ळचं आता कोणाला सांगू?"

"मला सांगा. कुठं हवाय?"

बाईंनी डावी तर्जनी टेकवून जागा दाखविली. वैजयंतीने कळफलकाचा मजकूर उघडून ओळ ओळ वाचिला, दोनदा चुकली, तिसऱ्याने साधले.

एणेप्रमाणे ळ डाव्या तर्जनीखाली आणिला, आणि का आणिला ते यंत्र न वाचील ऐशा ओळीत साध्या मराठीत लिहिले, आणि नकल मुख्य यंत्रावर ठेविली. ते दिवशी बाईंनी एकेचाळीस पाने उतरविली. ळ कोठे अडला नाही.