पाइपातून गेलेली प्रार्थना

कोरियातल्या मोकपो बंदरात मी जन्मभर मासेमारी बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त केली. इंजिन ऐकत नसलं की मी आधी त्याच्याशी मोठ्यानं बोलतो, मग त्याला हाणतो, आणि ते सुरू होतं. देवाच्या कामालाही हीच पद्धत लागू पडते असं माझं ठाम मत होतं. म्हणून मंगोलियात नवी मंडळी, म्हणजे चर्च, उभी करायला निघताना मी भर उपासनेत उभा राहून सांगितलं, "एक हिवाळा द्या. दारात चपला ठेवायला जागा उरली तर नाव बदलेन." पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या चर्चच्या तरुण पाळकांनी मान खाली घातली. परदेशात शिकून आलेला माणूस आहे. मी तोंड उघडलं की तो मान खाली घालतो.

तर मी, मा थेशिक, मंडळीचा वडील, म्हणजे चर्चमधला ज्येष्ठ सेवक, आणि माझी बायको गोपदान, असे आम्ही दोघं मोडकीतोडकी मंगोल भाषा शिकून दारखान शहरात आलो. आमच्या वयाची माणसं गुडघ्यांना शेक देत टीव्ही बघतात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहिलो, बैठकीच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, भिंतीवर क्रूस लावला. रविवार आला. कोणी आलं नाही. पुढचा रविवार आला. तेव्हाही आम्ही दोघंच. मी उपदेश केला, गोपदान झोपली.

"झोपलीस काय?"

"अहो, हाच उपदेश तुम्ही बसमध्ये केला होता, आगगाडीत केला होता. आणि काल भांडी घासताना."

गोपदान मात्र वाळत चालली होती. मोकपोला तिच्याभोवती सतत चार बाया असायच्या. लसूण सोलायलाही एकटी बसायची नाही. इथे ती खिडकीशी बसून खाली बर्फातून जाणाऱ्या बायकांकडे बघत राहायची.

मग पाळकांचा फोन आला. "वडील, पांढऱ्या महिन्याचा सण, तिथलं नवं वर्ष, होईपर्यंत मंडळी जमली नाही तर परत या. थंडी वाईट आहे. तुमच्या मुलाशी माझं बोलणं झालंय. त्याच्याकडे एक खोली रिकामी आहे."

मला ती खोली माहीत आहे. सोलमधला चौदावा मजला. सून हळू आवाजात बोलते आणि दार उघडायला आकडे दाबावे लागतात. त्या खोलीत माणूस मरत नाही, फक्त हळूहळू फर्निचर होतो.

"पहाटेची प्रार्थना सुरू करू," मी म्हणालो. "मोठ्यानं. मोकपोसारखी."

आमची रीत अशी. अंधार करायचा, 'प्रभू!' अशी तीनदा आरोळी ठोकायची आणि मग प्रत्येकानं आपापलं गाऱ्हाणं एकाच वेळी, पूर्ण आवाजात देवासमोर ओतायचं. रडायचं, जमिनीवर मुठी आपटायच्या. मोकपोला शेकडो माणसं एकदम ओरडतात, त्यामुळे कोणाला कोणाचं ऐकू येत नाही. आता आम्ही दोघंच होतो, हे खरं. पण आवाज काही माणसं मोजून बाहेर पडत नाही. तीस वर्षांची सवय. कुजबुजायला लागलो की देव दाराआड उभा राहून ऐकतोय असं वाटतं.

पहिल्याच पहाटे चमत्कार झाला. आम्ही ओरडत असताना गरम पाण्याचा पाइप वाजू लागला. टण्, टण्, टण्. ही जुनी इमारत. पाइप तळघरातून निघून सगळ्या घरांतून वर जातो.

"पाइपात हवा अडकलीय," मी गोपदानला म्हणालो. चाळीस वर्षांचा अनुभव आहे. पाना घेतला आणि मीही वरून हाणला. टण्, टण्. खालून आणखी जोरात आलं. मी आणखी जोरात हाणला. शेवटी खालचा आवाज थांबला. दुरुस्ती झाली म्हणून मी देवाचे आभार मानले, अर्थातच मोठ्यानं.

त्याच दिवशी दार वाजलं. खालच्या मजल्यावरची सेवजीद. पूर्वी मेंढीच्या कातड्याच्या कारखान्यात मुकादम होती, आणि अजूनही माणसाकडे कातड्याकडे बघावं तशी बघते. हातात मिठाच्या चहाचा थर्मास. माझ्याकडे ढुंकून न बघता ती आत शिरली आणि गोपदानचा चेहरा उजेडाकडे वळवला. रडून सुजलेले डोळे. घोगरा आवाज. हाताच्या कडेला काळंनिळं. सेवजीदनं ओठ आवळले, तिला कोट घातला आणि खाली घेऊन गेली.

मी जमिनीवर गुडघे टेकले. "फळ! पहिल्याच दिवशी फळ!"

गोपदान संध्याकाळी परत आली ती गाल लाल करून. "बाई फार गोड आहे हो. मी थंडीनं कुडकुडत होते तर तिनं माझे पाय मांडीवर घेतले."

"आपल्याबद्दल काही विचारलं?"

"विचारलं ना. वर बोट दाखवलं, मूठ आपटून दाखवली आणि म्हणाली, रोज? मी म्हटलं, रोज. तीस वर्षं झाली."

"मग?"

"तिच्या डोळ्यांत पाणी आलं."

"बघ, पवित्र आत्मा!"

"मग म्हणाली, आणि तू सहन करतेस? मी म्हटलं, सहन कसलं, त्यानंतर मला हलकं वाटतं."

त्यानंतर दुसऱ्या मजल्यावरून मलम आलं. तळमजल्यावरून बूझ आले, गरम, मटण भरून मोदकांसारखे उकडलेले, पण एकाच माणसापुरते, आणि ते ज्यानं आणले त्यानं गोपदाननं संपवेपर्यंत दारात उभं राहून पाहिलं. जिन्यात बाया माझ्यासाठी बाजूला होत, आदरानं, असं मला वाटलं. मी पहाटेचा आवाज आणखी वाढवला. इंजिन पकड घेतंय म्हटल्यावर कोणता मेकॅनिक हात काढून घेतो?

एके दिवशी जिन्यात सेवजीदचा पुतण्या भेटला. मागसार. कुस्तीगीर. तो जिन्यात उभा राहिला की जिना संपतो.

"आजोबा," तो म्हणाला, "तब्येतीला जपा."

"देवाच्या कृपेनं उत्तम आहे. रविवारी ये की पोरा."

"येणारच आहोत," तो म्हणाला. "सगळे."

मी धावत वर जाऊन पाळकांना फोन लावला. "रविवारी फोन समोर ठेवतो. स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि माझ्या मुलाला सांगा, त्या खोलीत कपडे वाळत घाल."

रविवारी खरोखरच चपला ठेवायला जागा उरली नाही. बूट जिन्यापर्यंत गेले. खुर्च्या संपल्या, बाया जमिनीवर बसल्या, शेगडीजवळ बसल्या. कोणी हसत नव्हतं. केवढं हे गांभीर्य, मी मनात म्हणालो. मागसार माझ्या आणि गोपदानच्या मधोमध बसला. फोनच्या पडद्यावर पाळक तोंड उघडं ठेवून बघत होते.

मी विषयही खास निवडला होता. "नवऱ्यानं बायकोवर प्रेम करावं," मी मंगोल भाषेत सुरुवात केली.

"लाज वाटत नाही?" सेवजीद उभी राहिली. "पहाटे मारता आणि दुपारी हे शिकवता?"

"कोण मारतं?"

"सगळ्या इमारतीला ऐकू येतं, म्हातारबुवा. ओरडणं, रडणं, आपटणं. थांबा म्हणून आम्ही पाइप वाजवला, तर तुम्ही उलट आम्हालाच धमकावलंत. टण् टण् करून."

मागसारनं बोटं मोडली. फोनमधून पाळकांनी कोरियन भाषेत विचारलं, "वडील, सगळे काय म्हणताहेत?" मी फोन उलटा ठेवला.

गोपदानला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती इतकी हसली की बाया घाबरल्या. मारानं डोक्यावर परिणाम झाला, कोणीतरी म्हणालं.

"अहो, शब्दांनी नाही समजायचं," ती डोळे पुसत म्हणाली. "करून दाखवा."

पडदे ओढले. 'प्रभू!' आम्ही दोघं ओरडलो. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाजच फुटेना. पन्नास डोळे अंधारात माझ्यावर रोखलेले, आणि मांडीएवढ्या दंडाचा माणूस शेजारी. मी पुटपुटलो. गोपदान मात्र सुरू झाली. काय तो आवाज! धुक्यातला भोंगा. तिची मूठ जमिनीवर आदळली तशी कपाटावरची किमचीची बरणी खाली आली.

मी गप्प होतो म्हणून तिचे शब्द मला पहिल्यांदाच ऐकू आले. तीस वर्षं शेजारी बसून मी माझंच ओरडत होतो. ती माझ्या भरलेल्या खोलीबद्दल काहीच मागत नव्हती. ती सेवजीदचे आभार मानत होती. "प्रभू, मी एक बाई मागितली होती, चहा प्यायला. तू दिलीस. आता मला इथून नेऊ नकोस."

पडदे उघडले. सेवजीदनं माझ्याकडे पाहिलं, गोपदानकडे पाहिलं, फुटलेल्या बरणीकडे पाहिलं.

"म्हणजे तो दणका हिचा होता?"

"माझाच," गोपदान लाजून म्हणाली.

सेवजीद खाली बसली, गोपदानचा निळा पडलेला हात स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाली, "पहाटे जरा उशिरा करा. मीही येईन."

मी फोन सरळ केला. पाळक रडत होते. "वडील, एवढी माणसं. राहा तुम्ही. हवं तितकं राहा."

मी काही समजावत बसलो नाही.

आता दर रविवारी खोली भरते. मला वाटलं, माझ्या उपदेशानं. मग परवा जिन्यात मागसार भेटला. इकडेतिकडे पाहून त्यानं कोटाखालून हाडांच्या रश्शाचा डबा काढून माझ्या हातात दिला. खांद्यावर हळूच हात ठेवला, जणू मी अंडं आहे.

"आजोबा, रात्री-अपरात्री काही झालं तर पाइप वाजवा. मी लगेच वर येतो."

"अरे, ती प्रार्थना असते, पोरा. ती मला काही करत नाही."

"हो, हो," तो समजूतदारपणे म्हणाला. "आधी आजीही असंच म्हणायच्या."

रस्सा चांगला होता. आणि पाना मी पाइपाजवळच टांगून ठेवलाय.