सायबिणीचा पान्हा आणि हिरवं लुगडं

"सायबीण ह्या दावणीवरून हलंल ती माझी तिरडी उठल्यावरच! लिहून घे, कागद आन!"

भिवराबाईनं लेकाला असं ठणकावून सांगितलं आणि लगेच बाजेवर आडवी झाली. एवढं बोलायलाच अंगातली सगळी ताकद खर्ची पडली होती.

सायबीण म्हणजे तिची म्हैस. चालायची अशी, की जणू गावाच्या तपासणीलाच आली आहे! आणि भिवराबाईला होता संधिवात. बावीस वर्षं ती नवऱ्याबरोबर, रामहरीबरोबर, ऊसतोडीला कारखान्यावर गेली. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढली. तेव्हा कधी दमली नाही, आणि आता पंचावन्नाव्या वर्षी कपबशी उचलली तरी धाप लागायची! बोटं सुजायची ती लोकांना दिसत तरी होती. थकवा कोणाला दाखवणार? रात्रभर झोपून सकाळी उठावं, तर अंग असं, की झोपेतच दोन एकर खुरपून आलीय. शेजारची केशरबाई म्हणायची, "दिसाया तर चांगली दिसतीस की गं!" हे ऐकलं की भिवराबाईला तिच्या डोक्यात तांब्या घालावासा वाटायचा. पण तांब्या उचलायचं त्राण कुठं होतं!

लेक युवराज तेलगावला टेम्पो चालवायचा. घरी येईल तेव्हा त्याला माय आडवीच दिसायची.

"माय, हात बघ तुझे. म्हैस काढून टाकू. सिरसाळ्याचं गिऱ्हाईक हाय. तू आपली निवांत बस."

निवांत बसायलाच तर भिवराबाई भीत होती. गावात बाई एकदा निवांत बसली, की तिला चहा आणून देतात आणि काही विचारत नाहीत. सायबिणीचं दूध होतं तोवर सकाळ-संध्याकाळ दारात माणूस यायचं, भिवराबाई घराची कारभारीण होती. म्हैस गेली की ती नुसती घरातली आजारी बाई!

बराच वाद झाला आणि शेवटी एक अट ठरली. रविवारी संध्याकाळी युवराज गिऱ्हाईक घेऊन येणार. त्यांच्यासमोर मायनं स्वतः बसून पुरी धार काढली, तर म्हैस विकायचं नाव कायमचं बंद.

बीडच्या डॉक्टरनं सांगितलंच होतं, "मावशी, ताकद जपून वापरा, काम तोडून तोडून करा." भिवराबाईनं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. सोमवार ते शनिवार ताकद साठवायची, रांजणात पाणी साठवतात तशी, आणि रविवारी एकदम काढायची! ताकद अशी साठत नाही, हेही डॉक्टर बोलला असेल. पण तोवर ती त्याच्यासमोरच्या बाकावर डुलकी घेत होती.

"मंग सहा दिस धार कोन काढनार?" रामहरीनं विचारलं.

भिवराबाईनं त्याच्याकडंच बोट केलं.

"मी? अगं, ती मला गोठ्यात उभं राहू देत न्हाई!"

"तुमाला न्हाई देणार. मला दील की!" आणि तिनं पेटीतून आपलं जुनं हिरवं लुगडं काढलं.

एका हाताला लागलेली म्हैस परक्याला पान्हा सोडत नाही. मग मालकिणीचं लुगडं नेसून धारेला बसायचं, ही तोड आपल्याकडं गावोगाव ठाऊक आहे. ठाऊक सगळ्यांना असते. नेसायची वेळ आली, की पुरुषमाणसाला एकाएकी शेतातलं काम आठवतं!

"मला जरा शेताकडं..." रामहरी म्हणाला.

"शेत काय पळून जात न्हाई. इकडं या!"

लुगडं नेसवलं. बांगड्या त्याच्या मनगटात चढेनात, त्या सुतळीत ओवून हाताला बांधल्या. डोक्यावरून पदर घेतला.

"हे बाहीर कळलं तर पारावर तोंड दाखवायची सोय न्हाई," रामहरी कळवळून म्हणाला.

"कोन सांगतंय? तुमी फकस्त मिशी झाका."

सायबिणीनं मान वळवली, लुगडं हुंगलं, बांगड्या ऐकल्या आणि झकास पान्हा सोडला. रामहरी चक्क लाजला.

दोन दिवस सुरळीत गेले. भिवराबाई बाजेवर पडून ताकद साठवत होती. घोटाळा झाला बुधवारी पहाटे. केशरबाईनं आपल्या गोठ्यातून बघितलं, तर हिरवं लुगडं एका हातात दुधाची चरवी, दुसऱ्या हातात भरलेली बादली घेऊन धाडधाड चाललंय! आणि बघता बघता त्यानं नालीवरून टुणकन उडी मारली!

ऊन अंगणात यायच्या आत गावभर झालं, "भिवरा बरी झाली! नाली उडून गेली, माझ्या डोळ्यानं बघितलं!"

दुपारपर्यंत दारात बायकांची ही गर्दी! कोणाचे गुडघे, कोणाची कंबर, कोणाचा खांदा. नांदूरघाटाहून एक म्हातारी तर रिक्षा करून आली.

"औषध सांग गं," केशरबाई पुढं सरकली. "माझे गुडघे जात्यावानी वाजतेत. शेजारधर्म म्हणून तरी सांग! कावून लपवतीस?"

खरं सांगावं, तर नवऱ्याची अब्रू जाते आणि युवराजच्या कानावर जाऊन म्हैसही जाते. भिवराबाई चाचरत म्हणाली, "काय न्हाई बाई... आराम केला."

"आराम करून कोन बरं झालंय का!" सगळ्याजणी एका सुरात ओरडल्या. म्हणजे काहीतरी जालीम औषध असणार आणि ही दडवतेय! जाताना दोघींनी सायबिणीचं शेण पदराआड लपवून नेलं, गुडघ्याला लावायला.

पण केशरबाई तेवढ्यावर थांबणारी नव्हती. गावात हरिनामाचा सप्ता बसला होता आणि घरटी वीस भाकरी जायच्या होत्या. "मागल्या साली तू दुखण्यापायी दिल्या न्हाईस. आता बरी झालीस, तर दोन्ही सालच्या मिळून शनिवारी चाळीस दे!"

भिवराबाईनं खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बायकांच्या मागं उभा राहिलेला रामहरी दोन्ही हात जोडून मान हलवताना दिसला.

"देते," ती म्हणाली. "चाळीस तर चाळीस!"

आणि दिल्याही! पाच भाकरी थापायच्या, तिथंच चुलीजवळ पोत्यावर आडवं व्हायचं, उठून पुन्हा पाच. तोडून तोडून काम म्हणजे काय, हे तिला त्या दिवशी नीट कळलं. पण शनिवारी संध्याकाळी चाळिसावी भाकरी टोपल्यात पडली, तेव्हा आठवडाभर भरलेला रांजण तळापासून कोरडा झाला होता. अंगठा वळत नव्हता. भिवराबाई चुलीपुढं बसून रडली. दुखण्यानं नाही, रागानं.

"उद्या बी मीच बसतो की," रामहरी हळूच म्हणाला. "सांजच्याला युवराजला काय कळतंय?"

"न्हाई! मी म्हणलंय, तर मीच काढनार!"

रविवारी गोठ्यापुढं जत्रा भरली. युवराज आला, सिरसाळ्याचा म्हशींचा व्यापारी सटवा आला, आणि भिवराबाईचा चमत्कार बघायला केशरबाईनं अर्धा गाव गोळा केला. तिचा नवरा तात्याबा तर चांगली जागा मिळावी म्हणून आधीच कडब्याच्या गंजीवर चढून बसला होता.

भिवराबाई तोंड धुऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून निघाली. सायबिणीच्या पाठीवरून हात फिरवला आणि बसली. सायबिणीनं मान वळवली. हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि अशी लाथ झाडली, की चरवी उडून थेट सटवाच्या पोटावर!

भिवराबाईला क्षणभर काही समजेना. मग एकदम उजेड पडला. सहा दिवस म्हशीनं हिरव्या लुगड्यातली जी भिवराबाई ओळखली होती, तिच्या अंगाला रामहरीच्या तंबाखूचा वास येत होता! सायबिणीच्या लेखी ही स्वच्छ धुतलेली बाई कोणीतरी परकीच होती.

दुसऱ्यांदा बसली. सायबिणीनं शेपटीचा फटका तोंडावर दिला. तिसऱ्यांदा बसली. सायबिणीनं पान्हा चोरला तो चोरलाच, वर ढुशी देऊन तिला सरकीच्या पेंडीत बसवलं.

"चौथ्यांदा बसते!" पेंडीत बसूनच भिवराबाई ओरडली.

"माय, बास आता," युवराजनं तिला उचललं. सटवानं दाव्याला हात घातला.

"हात काढ बे!"

सगळ्यांनी वळून बघितलं. दारात रामहरी उभा होता. अंगावर हिरवं लुगडं, हातात सुतळीच्या बांगड्या, डोक्यावर पदर आणि पदराबाहेर मिशी! गंजीवरून तात्याबा हसता हसता खाली घसरला.

"आबा!" युवराज किंचाळला.

"हसा!" रामहरी म्हणाला. "बावीस साल आमी कारखान्याला गेलतो. एक कोयता म्हंजे नवरा-बायकू दोघं. एकट्याला मुकादम बी धरत न्हाई. मंग धार काढायलाच हिनं एकटीनं कावून बसायचं?"

तो बसला. भिवराबाई त्याच्या शेजारी सायबिणीच्या पाठीला टेकून उभी राहिली. बांगड्या वाजल्या आणि चरवीत धारा सर्रसर्र पडू लागल्या. चरवी भरेपर्यंत कोणी हसलं नाही.

युवराजनं डोळे पुसले. "सटवादादा, जावा तुमी. म्हैस विकायची न्हाई."

"म्हैस ऱ्हाऊ द्या," सटवा पोट चोळत म्हणाला. "ते लुगडं तेवढं देता का मला?"

मग भिवराबाई बायकांकडं वळली. "मी बरी-बिरी झालेली न्हाई. दुखणं हाय तसंच हाय, थकवा बी हाय, आन तो दिसत न्हाई म्हणून खोटा न्हाई! औषध इचारत होतात न्हवं? हे बगा, हे बसलंय. घरोघर हाय. फकस्त नेसायला तयार होत न्हाई!"

बायका हळूहळू आपापल्या नवऱ्यांकडं वळल्या. तेवढ्या गर्दीतल्या झाडून सगळ्या पुरुषांना एकाएकी शेतातलं काम आठवलं!

दुसऱ्या दिवशी पहाटे भिवराबाई बाजेवर पडली होती. गोठ्यातून बांगड्यांचा आवाज येत होता आणि आडवं पडल्याची तिला कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच लाज वाटत नव्हती. इतक्यात शेजारच्या गोठ्यात लाथ बसल्याचा दणका झाला, चरवी गडगडत गेली आणि पाठोपाठ तात्याबाचा रडवेला आवाज आला:

"अगं केशर, पर ह्या लुगड्याचा कासोटा म्होरं खोवायचा का मागं?"