नळ्या तरंगल्या

सकाळपासून त्या काळ्या भुकटीने संशोधिकाबाईंचा जीव खाल्ला होता. कार्बनच्या नळ्या, केसाहून हजारो पटींनी बारीक. पण पाण्यात टाकल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून थेट तळ गाठायच्या. त्यांना वेगळं ठेवायचं तर प्रत्येकीला पॉलिमरचं दुपटं गुंडाळावं लागतं. कुठलंच दुपटं टिकत नव्हतं आणि सरांचं फर्मान होतं, "तरंगल्या की घरी जा."

घरी बाळ नुकतंच पालथं पडू लागलं होतं. आईने ते पाहिलं ते फोनच्या इवल्याशा पडद्यावर.

खाण्याचा फ्रीज बिघडलेला, म्हणून बाळासाठी काढलेलं दूध तिने नमुन्यांच्या फ्रीजमध्ये, दुधाळ पॉलिमरशेजारी लपवलं होतं. हाताच्या सवयीने दोन्ही बाटल्यांवर एकच मजकूर: 'आजचं. हलवून वापरावे.' दुपारी नवरा दूध न्यायला आला. पालथ्या बाळाचा व्हिडिओ पुन्हा बघता बघता तिने एक बाटली त्याला दिली, दुसरी नळ्यांवर ओतली आणि यंत्र लावलं.

काय सांगावं! गुठळ्या सुटल्या, पाणी शाईसारखं एकजीव झालं. ती हरखून वाकली आणि कोमट वास आला. ओळखीचा. बाळाच्या मानेच्या वळीत येतो, तसा. तिच्या छातीत दूध दाटलं आणि ती फोनकडे झेपावली.

"आई, ती बाटली देऊ नका त्याला!" ती ओरडली.

"अगं, मघाशीच दिली की," सासूबाई म्हणाल्या.

"प्यायला?"

"कसला पितोय! वास घेतला, नाक मुरडलं, लाथेने उडवली. आता दोघंही रडतायत."

"दोघं?"

"तुझा नवरा पण. शर्ट अंगाला असा चिकटलाय, निघता निघेना!"

ती तशीच धावत सुटली. बाळ छातीशी आलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात सरांचा फोन. "अगं, अजून तरंगतायत! कुठलं पॉलिमर हे?"

"सर... दूध. बाळाचं."

सर पुटपुटले, "प्रथिनं. गुंडाळली जाणारच. आणखी मिळेल?"

तिने खाली पाहिलं. एका मुठीत तिचं बोट घट्ट धरून बाळ गटागटा पीत होतं. सकाळपासूनची सगळी भूक.

"सध्या सगळं इथेच संपतंय, सर."

"असं का. मग उद्या आम्ही गाईचं वापरून बघतो," सर घाईघाईने म्हणाले. "तू येऊ नकोस. तू... तू तुझा प्रयोग चालू ठेव."