देवरावभाऊ जहाज विकतात

दारव्ह्याच्या स्टँडवर यवतमाळची काळीपिवळी जीप भरत असली आणि देवरावभाऊ तिच्यात चढले, की ड्रायव्हर कपाळावर हात मारतो. भाऊ लगेच बसत नाहीत. आधी सीटवर वीत टाकून जागा मोजतात, मग छताकडे पाहतात, खिडकीची काच खालीवर करून बघतात आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "एवढ्याशा जाग्यात मेंढरं कोंबली असती ना, तं बंदरातून जहाज सुटू देलं नसतं." मग कोपऱ्यात अंग चोरून बसतात आणि यवतमाळ येईपर्यंत हवा कुठून येते ते शोधत राहतात.

नवीन माणसाला वाटतं, बुढा भयताड आहे, डोक्यानं सरकलेला. थोडा आहेच. पण मेंढरांचं मात्र ते थट्टेनं बोलत नाहीत. हा माणूस जहाजं विकतो. जिवंत जनावरं वाहून नेणारी, आत मजल्यावर मजले असलेली जहाजं. दारव्ह्याहून कुठल्याही बाजूला निघा, समुद्र रात्रभराच्या प्रवासावर आहे, आणि हे महाशय माझ्या, म्हणजे त्यांच्या शेजारणीच्या, सरकी-ढेपेच्या दुकानातल्या स्टुलावर बसून आखातातल्या शेठला फोनवर जहाज पसंत करायला लावतात. मुंबईत एका जहाजदलालाच्या कचेरीत त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर त्यांच्या बायकोनं, लताबाईंनी, दारव्ह्याचाच हट्ट धरला म्हणून इथे आले. धंदा तेवढा फोनमध्ये घालून सोबत आणला. त्यांच्या घरात फोनला रेंज नाही, माझ्या दुकानात आहे. आता याला काय करणार!

इतक्या वर्षांत ऐकून ऐकून मलाही थोडं कळायला लागलं आहे. ही जहाजं मुळात जनावरांसाठी बांधलेली फार कमी असतात. उमेदीत मोटारी वाहायच्या, नाही तर दुसरा काही माल, आणि वय झालं की आत कठडे ठोकून मेंढ्या भरायच्या. मालक बदलला की नाव बदलतं, रंग बदलतो. म्हणून भाऊ गिऱ्हाइकाला जहाज सांगतात ते लग्नाचं स्थळ सांगावं तसं. वय थोडं जास्त आहे, आधीच्या घरी हाल झाले, पण अंगात खोड नाही. आणि हे सगळं वऱ्हाडी हिंदीत.

विकणारा असो की घेणारा, त्यांचा पहिला सवाल ठरलेला: "पाण्याचं सांगा." मशीन बंद पडलं तर पाणी किती वेळ पुरेल, पंखे थांबले तर खालच्या मजल्यावर हवा कुठून येईल. एका शेठनं हे हसण्यावारी नेलं, तर भाऊंनी जमणार नाही म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडे चहा मागितला. आमच्या पुतणीच्या लग्नात हातातल्या अक्षता तशाच धरून मंगल कार्यालयाचे पंखे मोजत उभे राहिले. वरमाय माझ्याकडे पाहायला लागली. मी दुसरीकडे पाहिलं.

लताबाई होत्या तोवर या सगळ्याला लगाम होता. चारचौघांत त्या भाऊंना गप्प करायच्या आणि भाऊही मुकाट्यानं गप्प व्हायचे. त्या एका उन्हाळ्यात गेल्या. सकाळी माझ्याशी अंगणातून बोलल्या आणि दुपारी नव्हत्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा पंकज तेव्हा भर समुद्रात होता. मेंढ्यांनी भरलेल्या जहाजावर तो अधिकारी, नोकरीही भाऊंनीच लावून दिलेली. सगळे म्हणाले, मुलाला फोन करा. भाऊ नाही म्हणाले. मी भांडले त्यांच्याशी, मयतीच्या घरात भांडले. ते एकच म्हणत राहिले. "भरलेलं जहाज थांबत नाई, वहिनी. थांबलं तं जनावरं मरतेत. पंकजले येता येनार नाई, अन् पोट्टा तिथं एकटा रडीन. मी आहो ना इथं रडाले." जहाज बंदराला लागलं, मेंढ्या उतरल्या, मग त्यांनी फोन केला.

पंकज आला तोवर सगळं उरकलं होतं. दारातूनच बापाला म्हणाला, "माही माय गेली, अन् तुमी मेंढरं उतरेपर्यंत मले सांगतलं नाई." तेवढंच. परत गेला तो गेलाच. बापाला फोन नाही की निरोप नाही. सणासुदीला मला करायचा, काकू कशा आहात म्हणून. बापाचं नाव काढायचा नाही. मीच आपली सांगत राहायचे, भाऊंना ताप आला होता, भाऊंनी चष्मा बदलला. तो ऐकून घ्यायचा.

मागच्या दिवाळीनंतर पंकजचंच जहाज विकायला निघालं. मालकाच्या कचेरीनं भाऊंना कळवलं, की गिऱ्हाइकाला जे फोटो लागतील ते जहाजावरच्या अधिकाऱ्याकडून मागवा. तो अधिकारी म्हणजे पंकज. भाऊंनी तो निरोप मला वाचून दाखवला आणि पुन्हा वाचून दाखवला.

पहिली ओळ लिहायला त्यांची सगळी सकाळ गेली. "वरच्या मजल्यावरील पंख्यांचे फोटो पाठवावेत." उत्तर आलं, "पाठवले आहेत." ना बाबा, ना काही. भाऊंना तेवढंही पुरलं. मग रोज एक गोष्ट मागायची आणि रोज फोटो यायचा. गव्हाणीचा, नळाचा, जनावरं चढवायच्या उताराचा. एखाद्या फोटोच्या कडेला पंकजचा अंगठा आलेला असला, की भाऊ जहाज सोडून अंगठाच मोठा करून बघत. "नख काळं पडलं," म्हणत. "दारात सापडलं असन."

एका दुपारी आपणहून म्हणाले, "हे जहाज इकलं, की आमचं बोलणं बंद, वहिनी." आणि लगेच गिऱ्हाइकाला फोन लावून सांगितलं, की गंज लागल्या जागांचे फोटो यायचे आहेत, घाई करू नका.

गिऱ्हाईक खरं तर चांगलं होतं. पाण्याचं विचारल्यावर नीट उत्तर देणारं. त्यानं वाट पाहिली, चिडलं, पुन्हा वाट पाहिली आणि शेवटी दुसरं जहाज घेतलं. मालकानंही मग विकायचा विचार सोडून दिला. मी ढेप तोलत होते तेव्हा भाऊंनी हे मला सांगितलं. मी म्हटलं, पंकजला कळवा. म्हणाले, उद्या कळवतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी खालच्या मजल्यावरच्या नाल्यांचे फोटो मागवले. त्याच्या पुढच्या दिवशी कठड्यांचे.

मला राग आला. दुकानात लोक होते तरी मी बोलले. "भाऊ, तुमी पुन्हा तेच करून राह्यले. तवाही पोराले सांगतलं नाई, आताही नाई. उद्या त्याले कळलं तं तुमचं तोंड तरी पाहीन का तो?" भाऊंनी फोन छातीशी धरला. नंतर मलाच वाईट वाटलं, पण बोललेलं काही परत घेता येत नाही.

संक्रांतीला पंकजचा फोन आला. भाऊ तेव्हा बँकेत गेले होते. माझ्या पोटात काही राहत नाही, सांगून टाकलं की बाबा रे, ते गिऱ्हाईक गेलं कधीचं. आता हा भडकणार म्हणून मी फोन कानापासून जरा लांब धरला.

"माहीत हाय, काकू," तो म्हणाला. "मालकानं आमाले तवाच सांगतलं."

"मंग फोटो कायले पाठवतं?"

मग म्हणाला, "बाबा मागतेत म्हणून. तुमी त्यायले सांगू नका. सांगतलं तं मागणं बंद करतीन."

फोन ठेवून मी रडले, सरळ सांगते. गिऱ्हाईक समोर उभं होतं, तरी रडले.

थोड्या वेळानं भाऊ आले आणि स्टुलावर बसले. जहाजावरचं सगळं मागून झालं म्हणाले, आता मागायला काही उरलं नाही. चेहरा पाहवेना त्यांचा. मी म्हटलं, जेवणाचं मागा. जहाजावरची माणसं काय खातात, ते दाखवा म्हणा.

"गिऱ्हाईक कायले इचारीन ते?"

"इचारते म्हणा," मी म्हटलं. खोटं होतं, पण मला काही जड गेलं नाही.

भाऊंनी लिहिलं, "जहाजावरील जेवणाचा फोटो पाठवावा." पाठवू की नको करत बसले आणि मग पाठवून दिलं. मी आपली गिऱ्हाइकं काढत राहिले. फोन वाजला तसा त्यांनी तो माझ्यापुढे धरला. ताटलीत वरण-भात होता, बाजूला लोणच्याची फोड. खाली लिहिलं होतं, "बाबा, तुम्ही जेवले का?"

दुपार टळायला आली होती. लताबाई गेल्यापासून भाऊंचं दुपारचं जेवण म्हणजे माझ्याकडचा चहा, हे मला माहीत आहे. मी म्हटलं, लिहून टाका, जेवलो म्हणून.

भाऊंनी मान हलवली. "ते खोटं नाई लिवता येत, वहिनी," म्हणाले. "भात टाकतो. जेवतो, अन् मंग इथं येऊन लिवतो." फोन खिशात घातला, चप्पल चढवली आणि माझा चहा तसाच ठेवून घराकडे निघाले.