जावा आणि मावा

धाकटीच्या ढोबळ्या मिरच्या आपल्या मिरच्यांपेक्षा मोठ्या झाल्या आहेत, हे थोरलीला केव्हाच कळलं होतं. पण सासूबाईंनी ते भर जेवणात बोलून दाखवलं, तेव्हा तिने हातातला घास परत ताटात ठेवला.

"केवढ्या मोठ्या मिरच्या आहेत गं!" सासूबाई म्हणाल्या. "धाकटीच्या हाताला गुण आहे हो."

हाताला गुण असण्याचा मान त्या घरात आजवर थोरलीचा होता. गच्चीवर दोरीच्या अलीकडच्या कुंड्या तिच्या, पलीकडच्या धाकटीच्या. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला मिरचीचं रोप कुठलं आणि वांग्याचं कुठलं हेही कळत नव्हतं. ते थोरलीनेच शिकवलं होतं, आणि आता तिला त्याचा मनापासून पश्चात्ताप होत होता.

"घालतेस तरी काय गं मातीत?" तिने हसून विचारलं. हसताना दाढा आवळल्या गेल्या.

"बुरशी," धाकटी म्हणाली.

"बुरशी?"

"मित्रबुरशी म्हणतात वहिनी तिला. मुळं कुजवणारी जी वाईट बुरशी असते ना, तिला ही…"

थोरलीने पुढचं ऐकलंच नाही. ही बया अर्धवटच सांगणार, हे तिने गृहीत धरलं होतं. त्यातून बुरशी म्हणजे बुरशी, त्यात शिकायचं काय?

"अहो, बुरशी कुणी विकत आणतं का? आपण तर फेकून देतो," ती खोलीत नवऱ्याला म्हणाली.

"मग फेकू नकोस," नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. बायकोच्या प्रत्येक प्रश्नाला तो उत्तर द्यायचा, फक्त प्रश्न ऐकायचा नाही.

थोरलीने अख्खा पाव कपाटात दडवला. त्यावर हिरवी लव आली तशी तो कुस्करून सगळ्या कुंड्यांत घातला, वर माती लोटली आणि मिरच्यांची वाट बघत बसली.

आल्या त्या मुंग्या. पाव संपला तरी त्या हलल्या नाहीत, त्यांना जागा आवडली होती. मग कोवळ्या शेंड्यांवर कीड दिसू लागली, मावा. बारीक, हिरवा, चिकट, पानापानाला लगडलेला. नवऱ्याने दुकानातलं भिंग आणून पाहिलं आणि तो हरखूनच गेला.

"अगं, माव्यातून गोड रस पाझरतो, तो या मुंग्या पितात! गुरं राखावीत तशा राखतायत बघ त्याला. काय व्यवस्था आहे!"

"तुम्ही कौतुकच करत बसा," थोरली म्हणाली.

दोरीपलीकडे धाकटीच्या झाडांवर मावा औषधालाही नव्हता. मात्र तिथे काळ्या, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या फिरत होत्या. थोरलीला बऱ्याच दिवसांनी सडकून भूक लागली. पण जवळून पाहिलं तर पानाला एक भोक नाही, कुठे कुरतडल्याची खूण नाही. धाकटीची कीडसुद्धा गुणी!

हे मात्र तिला सोसलं नाही. दुपारी घर निजलं की ती कात्री घेऊन गच्चीवर जाऊ लागली. आपले मावा लागलेले शेंडे कापायचे आणि धाकटीच्या झाडांत गुपचूप खोचायचे. दुसऱ्या दिवशी बघावं तर तिथला मावा गायब. पुन्हा कापायचे, पुन्हा खोचायचे, पुन्हा गायब. थोरली हट्टाला पेटली. शेवटी तिच्या झाडांवर कापायला मावा लागलेला शेंडा उरेना, आणि छाटलेल्या जागी नवी, स्वच्छ पालवी फुटायला लागली. पण तिकडे बघायला तिला सवड कुठे होती?

अशाच एका दुपारी, उरलासुरला शेंडा खोचताना, मागून हाक आली.

"वहिनी!"

थोरलीच्या हातून कात्री पडली. वळून बघते तर धाकटी, आणि मागे धापा टाकत जिना चढून आलेल्या सासूबाई.

"म्हणजे तुम्हीच!" धाकटीचे डोळे भरून आले. "आई, बघा! मी म्हणत होते ना, कुणीतरी खायला घालतंय म्हणून."

"कुणाला?" थोरलीने कात्री पायाने मागे सारत विचारलं.

"माझ्या अळ्यांना! लाल, ठिपकेवाल्या ढालकिड्यांची पिल्लं आहेत ती. मावा खातात ती, म्हणून हौसेने मागवली. पण माझ्या झाडांवर मावाच नाही. उपासमारीने एकमेकांना खायला लागली होती हो!"

"घरोघरी तेच," सासूबाई पुटपुटल्या.

"तुम्ही हसाल म्हणून बोलले नाही. आणि तुम्ही मात्र स्वतःच्या झाडांचे शेंडे कापून…" धाकटीने थोरलीला मिठीच मारली. थोरली लाकडासारखी उभी राहिली. खरं सांगायला तिने तोंड उघडलं होतं, एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मुक्या जिवांची भूक ओळखली हिने. थोरली ती थोरलीच."

तोंड आपोआप मिटलं.

तेव्हापासून सासूबाईंना दुसरा विषय राहिला नाही. दूधवाला, डॉक्टर, फोनवरची नणंद, सगळ्यांना थोरलीची माया सांगून झाली. "धाकटीने किडे आणले खरे, पण जगवले कुणी?" या वाक्याला धाकटी पहिल्यांदा मान डोलवायची. मग नुसती हसायची. मग थोरलीचं ताट जरा जोरात ठेवू लागली. थोरलीला ते ऐकू यायचं आणि जेवण गोड लागायचं.

अडचण एकच होती. मावा संपला होता. आणि सासूबाईंनी तर जाहीर करून टाकलं होतं, "पिल्लांचं काय ते थोरली बघेल."

थोरलीने शेजारपाजारच्या कुंड्या न्याहाळल्या, माळ्याला विचारलं. शेवटी तिला गल्लीच्या टोकाची शिंपीणबाई आठवली. तिच्या दारातल्या झाडांना पाणीसुद्धा पाहुणेच घालत. थोरली पिशवीत कात्री टाकून घाईने तिथे पोचली.

"तुमच्याकडे मावा आहे ना हो?"

"औषध हवंय का?" शिंपीणबाईने मशीन थांबवलं.

"नाही नाही. मावाच हवाय. चांगला, जिवंत."

शिंपीणबाईने तिला खालून वर न्याहाळलं.

"तुमच्या घरात चाललंय तरी काय? आत्ताच तुमची धाकटी सगळे शेंडे कापून घेऊन गेली. वर म्हणाली, वहिनी आल्या तर सांगू नका."