माशांचं पांघरूण

सैमीबाईंच्या पत्राला तावेत्ती मास्तरांनी चार वर्षं उत्तर दिलं नव्हतं. गावच्या टपाल कचेरीत बसणाऱ्या या विधवा बाईंनी एवढंच लिहिलं होतं, "रविवारी जेवायला या. एकटीला मासे संपत नाहीत." मास्तरांनी उत्तराचे अकरा मसुदे केले, एकही धड वाटेना. शेवटी बाईंनीच तोड काढली. दर शनिवारी टपालगाडीतून एक कलाकुक्को, म्हणजे राय धान्याच्या जाड पावात कोंडून भाजलेले मासे, मास्तरांच्या दारात येऊ लागला. मास्तरांचा अख्खा आठवडा त्या शनिवारावर तरला होता.

अशात तळ्यापलीकडच्या गावाशी पैज लागली. दोन महिन्यांत कोणाचं कोलेस्टेरॉल जास्त उतरतं? नर्स हिल्काने सगळ्यांचं रक्त घेतलं आणि बजावलं, "लोणी सोडा, मासे खा!" गाव रडकुंडीला आलं. मास्तर मात्र खुशीत. त्यांनी गाडीवाल्याकरवी निरोप धाडला, "आता दोन पाठवा."

दुसऱ्या तपासणीत सारं गाव उतरलं आणि एकटे मास्तर चढले. हिल्का तडक घरी आली.

"मास्तर, लोणी कुठे लपवलंय?"

"अगं, नुसते मासे खातोय. दुप्पट!"

तिने टेबलावरचा कुक्को कापला. आत बोटाएवढे मासे ओळीने निजले होते आणि प्रत्येक थरावर डुकराच्या चरबीचे जाड काप.

"हे काय?"

या सावो भागात कुक्कोला सगळे मासेच म्हणतात. मास्तर चाचरले. "ते... माशांचं पांघरूण."

"थंडी माशांना आणि चरबी तुमच्या रक्तात! हे बंद. ताजे मासे, साध्या रश्श्यात."

ती गेली. रस्सा काही टपालगाडीतून येत नाही. रिकामा शनिवार डोळ्यांपुढे आला आणि मास्तरांनी बारावा मसुदा एका दमात लिहिला, "येतो."

कचेरीत सैमीबाई वाटच पाहत होत्या. "हिल्का सगळं सांगून गेली. माझ्या कुक्कोने गाव बुडवलं म्हणे?"

मास्तरांनी पाकीट पुढे केलं. बाईंनी पत्ता वाचला. स्वतःचाच.

"तिकीट लागेल."

"हातातच देतोय की!"

"चार वर्षं थांबलेय. आता रीतसर येऊ दे."

मास्तरांनी तिकीट तिरकंच चिकटवलं. बाईंनी शिक्का हाणला.

"उद्या मिळेल मला," त्या म्हणाल्या. "रश्श्यात बटाटे घालू ना?"

आणि त्यांनी पत्र थैलीत टाकलं.